बाबा आमटे

मुरलीधर देवीदास आमटे ऊर्फ बाबा आमटे (२६ डिसेंबर १९१४, हिंगणघाट – ९ फेब्रुवारी २००८, आनंदवन) हे महाराष्ट्रातील समाजसेवक, कवी आणि कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनाचे कार्य उभारणारे कार्यकर्ते होते. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे आनंदवन, त्याच जिल्ह्यातील सोमनाथ प्रकल्प आणि गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प ही त्यांच्या कार्याची प्रमुख केंद्रे होत. कुष्ठसेवेकडे वळण्यापूर्वीचा त्यांचा काळ शिकार, मोटारीतील भटकंती आणि चित्रपट यांच्या आवडीत गेला. ही आवड पुढे लोप पावली नाही. तिचे स्वरूप मात्र बदलले. सहल, सुट्टी आणि करमणूक यांना त्यांच्या पुढील कार्यातही मोठे स्थान राहिले, म्हणून या लेखात त्यांच्या जीवनाचा परिचय त्या अंगाने करून दिला आहे.

बालपण आणि घराणे

आमटे यांचा जन्म वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. वडील देवीदास हे ब्रिटिश अमदानीत सरकारी नोकरीत होते. आईचे नाव लक्ष्मीबाई. घराणे जमीनदारांचे असून वरोऱ्याजवळील गोरजा या गावी त्यांची सुमारे साडेचारशे एकर शेती होती. बाबा हे त्यांचे नाव लोकांनी आदराने दिलेली पदवी आहे, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ते घरातील लाडाचे नाव होते आणि ते लहानपणापासूनच रूढ झाले होते.

घरात कशाचीही उणीव नव्हती. थोरला मुलगा म्हणून त्यांचे सर्व हट्ट पुरवले जात. तथापि, घरातील नोकरचाकर आणि गावातील दलित कुटुंबे यांच्याशी वागताना पाळली जाणारी बंधने त्यांना लहान वयातच खटकू लागली होती. खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांबरोबर खेळू-जेवू नये, हा घरचा नियम ते वारंवार मोडत आणि त्याबद्दल मारही खात.

बालपणीचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नेहमी येतो. दिवाळीच्या दिवशी खाऊ आणि मौजेसाठी मिळालेली मूठभर नाणी घेऊन ते बाजारात गेले असता त्यांना रस्त्याच्या कडेला बसलेला एक अंध भिकारी दिसला. त्यांनी सगळी नाणी त्याच्या डब्यात ओतली. एकदम एवढे वजन पडल्यामुळे कोणीतरी थट्टेने दगड टाकले असावेत, असे त्या भिकाऱ्याला वाटले. ती नाणीच आहेत याची खात्री पटावी म्हणून मुलाने त्याला ती हाताने चाचपून पाहावयास लावली. दान करणे सोपे असते, परंतु ज्याला आजवर केवळ उपेक्षा मिळाली त्याचा विश्वास संपादन करणे अवघड असते, हा या प्रसंगाचा आशय आहे. कुष्ठरुग्णांमध्ये काम करताना त्यांना याच अडचणीला पुन्हा सामोरे जावे लागले.

शिकार, मोटार आणि भटकंती

वयाच्या चौदाव्या वर्षी आमटे यांच्याकडे स्वतःची बंदूक आली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्याचे जंगल घनदाट होते आणि जमीनदार घराण्यांतील तरुणांसाठी शिकार हा सुट्टीचा सर्वमान्य छंद होता. रानडुक्कर आणि हरीण यांच्या शिकारीसाठी ते रानोमाळ हिंडत. ताडोबाचे जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले ते १९५५ मध्ये. त्यापूर्वीच्या या काळात जंगलातील सहल म्हणजे बहुधा बंदुकीसह केलेली सहल असे.

मोटार चालवण्याचे वय झाल्यावर त्यांना सिंगर कंपनीची स्पोर्ट्स मोटार मिळाली. तिच्या आसनांवर बिबट्याच्या कातड्याची आवरणे होती. ज्या काळी विदर्भातील बहुतेक लोक बैलगाडीने किंवा पायी प्रवास करत, त्या काळी अशी मोटार ही कुतूहलाची वस्तू होती. या भटकंतीतून त्यांना जंगल, नद्या आणि गावे यांची जवळून ओळख झाली. रवींद्रनाथ टागोर यांच्या काव्यसंगीताची त्यांना गोडी होती आणि त्या ओढीने त्यांनी शांतिनिकेतनलाही भेट दिली.

चित्रपटांची आवड

आमटे यांचे शिक्षण नागपूर येथे झाले. हिस्लॉप महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर १९३६ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा उत्तीर्ण केली. त्यांची स्वतःची इच्छा डॉक्टर होण्याची होती. वकिली हा वडिलांचा आग्रह होता.

त्यांच्या विद्यार्थिदशेचा काळ आणि बोलपटाच्या उदयाचा काळ एकच होता. आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट १९३१ मध्ये, तर अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच सुमारास हॉलिवूडचे बोलपटही भारतातील मोठ्या शहरांत दाखवले जात. आमटे या चित्रपटांचे निस्सीम चाहते होते. चित्रपटगृहात ते दोन आसने राखून ठेवत, एक बसण्यासाठी आणि दुसरे पाय ठेवण्यासाठी, अशी आठवण सांगितली जाते.

त्यांची आवड केवळ प्रेक्षकाची नव्हती. द पिक्चरगोअर या ब्रिटिश चित्रपटविषयक नियतकालिकासाठी त्यांनी परीक्षणे लिहिली. ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर या त्या काळच्या आघाडीच्या अभिनेत्रींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुढे कुष्ठकार्यास प्रारंभ झाल्यावर त्यांना मदत करणाऱ्या पहिल्या परदेशी व्यक्तींमध्ये शिअरर यांचा समावेश होता, असा उल्लेख चरित्रपर लेखनात आढळतो. लोकप्रिय चित्रपटांची आवड ही तरुणपणीची उधळपट्टी मानून चरित्रलेखक पुष्कळदा एका वाक्यात तिचा निकाल लावतात. परंतु दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी संवाद साधण्याची आणि पाहिलेले शब्दांत मांडण्याची त्यांची वृत्ती या छंदातही दिसते, हे लक्षात घ्यावयास हवे.

वकिली आणि गोरज्यातील सुट्टीचे दिवस

प्रारंभी काही काळ दुर्ग येथे वकिली केल्यानंतर आमटे वरोऱ्यास आले. व्यवसायात त्यांचा जम बसला. आठवड्याचे दिवस न्यायालयात आणि सुट्टीचे दिवस गोरज्याच्या शेतीवर, असा त्यांचा क्रम होता. या सुट्टीच्या दिवसांनी त्यांच्या विचारांना वळण दिले. शेतात दिवसभर राबणाऱ्या मजुराच्या हाती काय पडते आणि न्यायालयात तासभर बोलणाऱ्या वकिलाला काय मिळते, यातील तफावत त्यांना अस्वस्थ करू लागली. गोरज्यात त्यांनी शेतकऱ्यांना संघटित करण्याचा प्रयत्न केला आणि गावची विहीर दलितांसाठी खुली व्हावी यासाठी पुढाकार घेतला. त्यामुळे गावातील प्रतिष्ठितांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

१९४२ च्या छोडो भारत आंदोलनात चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे मोठा उठाव झाला. या आंदोलनात पकडलेल्या कार्यकर्त्यांच्या बचावासाठी आमटे यांनी वकिलांना एकत्र केले आणि त्यांना स्वतःलाही तुरुंगवास घडला. सेवाग्राम जवळच असल्याने महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. रेल्वेप्रवासात एका तरुणीची छेड काढणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचा त्यांनी एकट्याने प्रतिकार केला. हे समजल्यावर गांधींनी त्यांना अभयसाधक असे संबोधले.

१९४६ मध्ये त्यांचा विवाह नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी झाला. विवाहानंतर त्या साधना आमटे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. आमटे यांच्या कार्यात त्यांचा वाटा बरोबरीचा होता. समिधा हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. विवाहानंतर या दांपत्याने वरोऱ्यात श्रमाश्रम सुरू केला. निरनिराळ्या जातींच्या श्रमिकांनी एकत्र राहून मिळकत वाटून घ्यावी, अशी ही कल्पना होती.

तुळशीराम

वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांच्या मागण्यांचा प्रश्न आमटे यांच्यासमोर आला. त्यांचे काम किती कष्टाचे आहे हे स्वतः अनुभवल्याशिवाय निर्णय देणे योग्य नव्हे, या विचाराने त्यांनी काही महिने मैला वाहण्याचे काम केले. याच काळात पावसात भिजत गटाराकाठी पडलेला एक कुष्ठरुग्ण त्यांना दिसला. त्याचे नाव तुळशीराम. रोग अखेरच्या अवस्थेत होता. त्याला पाहून आमटे भयाने दूर पळाले. नंतर परत येऊन त्यांनी त्याला आडोसा करून दिला आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. अभयसाधक म्हणवल्या गेलेल्या आपल्याला एका आजारी माणसाचे भय वाटले, हे शल्य त्यांना अनेक महिने छळत राहिले. त्या भयावर मात करण्याचा मार्ग म्हणून त्यांनी कुष्ठसेवा स्वीकारली.

त्या काळी कुष्ठरुग्णाची स्थिती काय होती, हे समजून घेतल्याशिवाय या निर्णयाचे महत्त्व कळत नाही. १८९८ च्या कायद्यानुसार अधिसूचित क्षेत्रांत कुष्ठरुग्णाला ठरावीक व्यवसाय करण्यास, सार्वजनिक विहिरीवर स्नान करण्यास आणि रेल्वेखेरीज भाड्याच्या सार्वजनिक वाहनातून प्रवास करण्यास मनाई करता येत असे. हा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कायद्यापेक्षा समाजाचा बहिष्कार अधिक कडक होता. बाजार, जत्रा, देऊळ, नाटक-सिनेमा या सर्वांतून रुग्ण आपोआप वगळला जाई. आवडीच्या मोटारीतून हवे तेथे फिरलेल्या माणसाने आता ज्यांना साध्या वाहनातही जागा नव्हती त्यांच्याबरोबर राहण्याचे ठरवले होते.

आनंदवन

१९४९ मध्ये आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली. डॉक्टर नसतानाही त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले. तेथे संशोधनासाठी त्यांनी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले; त्यांना रोगाची लागण झाली नाही.

वरोऱ्याजवळ सरकारकडून मिळालेल्या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या पन्नास एकर जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवनाची सुरुवात झाली. विनोबा भावे यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढेच भांडवल होते. प्रथम विहीर खोदण्यात आली, मग शेती सुरू झाली. येथे पिकवलेला भाजीपाला विकत घेण्यास सुरुवातीला लोक कचरत. पन्नाशीच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येऊन रुग्णांसमवेत राहिले, त्यांनी तेथील अन्न खाल्ले आणि बांधकामात हातभार लावला. त्यामुळे परिसरातील लोकांची भीती कमी होण्यास मदत झाली.

संस्थेच्या नावात रोगाचा निर्देश न करता आनंदाचा केला, ही बाब महत्त्वाची आहे. रुग्णाला औषध आणि अन्न देऊन थांबणे आमटे यांना पुरेसे वाटत नव्हते. दानाने माणूस परावलंबी होतो आणि काम त्याला उभे करते, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे शेती, विणकाम, सुतारकाम, छपाई असे अनेक उद्योग येथे उभे राहिले. बोटे झडलेल्या रुग्णांनी तयार केलेल्या वस्तू बाजारात गेल्या. पुढे शाळा, महाविद्यालय, तसेच अंध आणि मूकबधिर विद्यार्थ्यांसाठी विद्यालये सुरू झाली. एके काळी ज्यांच्या सावलीला लोक भीत, त्यांनी उभारलेल्या परिसरात आसपासच्या गावांतील मुले शिकण्यास येऊ लागली.

कामाबरोबर करमणुकीलाही आनंदवनात स्थान होते. साहित्यिक आणि कलावंत यांना तेथे आमंत्रण असे, पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे यांचा आनंदवनाशी दीर्घकाळ स्नेह होता. मित्रमेळाव्याच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून लोक येत आणि रुग्णांसमवेत कार्यक्रम पाहत. रुग्णाला गावातील नाट्यगृहात प्रवेश नसेल तर कलावंतानेच त्याच्या अंगणात यावे, असा या मेळाव्यांचा व्यवहारी अर्थ होता.

सोमनाथ आणि श्रमाची सुट्टी

मूल तालुक्यातील सोमनाथ हे देवस्थान, धबधबा आणि वनराई यांमुळे परिचित ठिकाण आहे. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील जंगलात आमटे यांना जमीन मिळाली. तरुणांसाठी श्रमाचे विद्यापीठ उभारावे, अशी त्यांची मूळ योजना होती. ती पूर्ण स्वरूपात साकार झाली नाही. तथापि, तिच्यातून उन्हाळी सुट्टीतील श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. विदर्भाच्या मे महिन्यातील कडक उन्हात महाराष्ट्रभरातून आलेले विद्यार्थी पहाटे उठून बांधबंदिस्ती, खोदकाम आणि शेतीची कामे करतात, दुपारी व्याख्याने आणि चर्चा होतात, रात्री गाणी आणि कार्यक्रम रंगतात. बरे झालेले कुष्ठरुग्ण या छावणीत मदतीचे याचक नसतात, तर शेतीचे जाणकार म्हणून विद्यार्थ्यांना काम शिकवतात. महाराष्ट्रातील अनेक सामाजिक कार्यकर्त्यांच्या जडणघडणीत या छावणीचा वाटा आहे.

भामरागडची सहल

१९७० च्या सुमारास विकास आणि प्रकाश या दोन्ही मुलांचे वैद्यकीय शिक्षण पुरे होत आले असता आमटे त्यांना भामरागड येथे सहलीसाठी घेऊन गेले. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा तेथे संगम होतो. आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाचा हा भाग त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होता. रस्ते जवळजवळ नव्हते आणि पावसाळ्यात त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. अंगभर कपडे घातलेली अनोळखी माणसे पाहून तेथील माडिया आदिवासी दूर पळाले. साध्या तापाने आणि जखमांनी येथे माणसे दगावतात, हे या मंडळींच्या ध्यानात आले. आपल्याला येथे काम सुरू करावयाचे आहे, असे आमटे यांनी मुलांना सांगितले. प्रकाश यांनी ती जबाबदारी घेण्याची तयारी दर्शवली.

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात झाली. प्रकाश आमटे यांनी शस्त्रक्रियाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सोडले आणि पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह ते तेथे स्थायिक झाले. दवाखाना आणि निवासी शाळा हे प्रकल्पाचे मुख्य भाग होत. त्याशिवाय शिकारीत आई गमावलेल्या वन्य प्राण्यांच्या पिलांसाठी तेथे अनाथालय निर्माण झाले. तरुणपणी ज्यांनी हौसेने शिकार केली, त्यांच्याच कुटुंबाने उभारलेले हे अनाथालय आहे. आदिवासींची शिकार मात्र पोटासाठी होती; म्हणून त्यांना दोष न देता धान्य, कपडे यांच्या मोबदल्यात पिले मागून घेण्याचा मार्ग तेथे स्वीकारला गेला.

ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या नियोजित धरणांमुळे या भागातील जंगल आणि आदिवासी गावे बुडण्याचा धोका उत्पन्न झाला. त्याविरुद्ध झालेल्या जंगल बचाव, मानव बचाव या आंदोलनाचे नेतृत्व आमटे यांनी केले. ही धरणे पुढे बांधली गेली नाहीत.

भारत जोडो अभियान

मणक्याच्या आजारामुळे आमटे यांना उत्तरायुष्यात बसता येत नसे. उभे राहणे किंवा पडून राहणे एवढेच शक्य होते. तरीही देशातील वाढती हिंसा आणि दुरावा पाहून त्यांनी भारत जोडो अभियान आखले. डिसेंबर १९८५ मध्ये शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघाल्या. सत्तरी ओलांडलेले आमटे वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत होते. १९८८-८९ मध्ये अरुणाचल प्रदेशातील इटानगर ते गुजरातमधील ओखा अशी दुसरी यात्रा झाली. गावोगावी मुक्काम, स्थानिकांच्या घरी भोजन आणि संवाद असे या यात्रांचे स्वरूप होते.

नर्मदाकाठ आणि अखेर

१९९० मध्ये आमटे यांनी आनंदवन सोडले आणि नर्मदेवरील मोठ्या धरणांना विरोध करण्यासाठी ते साधनाताईंसह मध्य प्रदेशातील कसरावद येथे नदीकाठी राहावयास गेले. सुमारे दहा वर्षे ते तेथे होते. धरणाचे काम कायमचे थांबले नाही. प्रकृती खालावल्यावर ते आनंदवनात परतले आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता त्यांच्या पार्थिवाचे आनंदवनाच्या भूमीत दफन करण्यात आले. साधना आमटे यांचे निधन ९ जुलै २०११ रोजी झाले.

साहित्य आणि सन्मान

ज्वाला आणि फुले, उज्ज्वल उद्यासाठी आणि माती जागवील त्याला मत ही आमटे यांची पुस्तके प्रसिद्ध आहेत. त्यांना पद्मश्री (१९७१), रॅमन मॅगसेसे पुरस्कार (१९८५), पद्मविभूषण (१९८६), संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार (१९८८), टेम्पलटन पुरस्कार (१९९०) आणि गांधी शांतता पुरस्कार (१९९९) हे सन्मान लाभले. २००८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वारसा

आमटे यांच्या पश्चात आनंदवनाची धुरा डॉ. विकास आमटे आणि पुढील पिढीने सांभाळली. विकास आमटे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या स्वरानंदवन या वाद्यवृंदात कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर आणि अपंग कलावंत गातात, वाजवतात आणि नृत्य करतात. त्यात लोकप्रिय चित्रपटगीतांनाही स्थान आहे. ज्या सभागृहांत पूर्वी त्यांना प्रेक्षक म्हणूनही जागा मिळाली नसती, त्याच सभागृहांत आता लोक त्यांचे कार्यक्रम ऐकावयास तिकीट काढून येतात.

२०१४ मध्ये डॉ. प्रकाश बाबा आमटे हा समृद्धी पोरे दिग्दर्शित मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात नाना पाटेकर यांनी प्रकाश आमटे यांची आणि मोहन आगाशे यांनी बाबा आमटे यांची भूमिका केली. चित्रपटांवर परीक्षणे लिहिणाऱ्या तरुणाचे जीवन अशा रीतीने स्वतःच चित्रपटाचा विषय झाले.

नागपूर-चंद्रपूर मार्गावरील आनंदवन, मूलजवळील सोमनाथ आणि भामरागडजवळील हेमलकसा येथे आज शाळांच्या सहली आणि सुट्टीतील पर्यटक नियमितपणे येतात. आमटे यांना अशा सहलींचे वावडे नव्हते. केवळ पाहून परत न जाता काही काळ राहावे, काम करावे आणि येथील माणसांशी बरोबरीने बोलावे, एवढी त्यांची अपेक्षा असे.